एक पान दोनदा लिहून घ्या

राज्यातल्या शाळा-कॉलेजांत मराठी शिकवणाऱ्या सर्व सरांना आणि बाईंना,



दहावी होईपर्यंत मी एकही निबंध दोनदा लिहिला नव्हता. चुकलेले शब्द दहा-दहा वेळा लिहिलेत. अक्षर वाईट आलं म्हणून पान फाडून तेच पान पुन्हा उतरवलंय. पण आपणच लिहिलेलं शांतपणे वाचायचं, त्यात काय राहून गेलंय ते बघायचं आणि तीच गोष्ट नव्याने मांडायची, असं दहा वर्षांत एकदाही झालं नाही. ते पहिल्यांदा झालं कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. त्या एका पानाने माझ्यात काय बदललं ते तुम्हाला सांगायचं आहे, आणि शेवटी एक मागणं मागायचं आहे.

मी मंगळवेढा तालुक्यातल्या एका गावची. आठवीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा, पुढे हायस्कूल, आणि आता बी.ए.चं तिसरं वर्ष, विषय मराठी. पुढच्या वर्षी बी.एड.ला जायचं मनात आहे. म्हणजे काही वर्षांनी मीही वह्यांचा गठ्ठा घेऊन तुमच्या शेजारी बसलेली असेन. बाकावर बसणाऱ्या मुलीला काय वाटतं, ते अजून ताजं आहे तोवर लिहून ठेवते.

सातवीत असताना चाचणीला 'माझी आई' हा निबंध आला. मी तो पाठच केला होता. माझी आई पहाटे लवकर उठते. अंगणात सडा घालते, रांगोळी काढते. तुळशीला पाणी घालते. आम्हाला गरमागरम नाश्ता देते. रात्री झोपताना थोर पुरुषांच्या गोष्टी सांगते. शेवटी सगळ्यांना माहीत असलेली एक ओळ अवतरणचिन्हांत. पाच-सहा मिनिटांत पान भरलं. वहीवर लाल शाईत 'छान' असा शेरा आला आणि तो मी घरी नेऊन दाखवला.

तो निबंध मी लिहीत होते तेव्हा माझी आई माझ्यापासून एका भिंतीच्या अंतरावर होती. आमच्या वर्गाला लागून मागे किचन शेड आहे. आई तिथे शालेय पोषण आहाराची खिचडी शिजवते, गेली बरीच वर्षं. भिंतीपलीकडून पातेल्यावर डाव आपटल्याचा आवाज येत होता, फोडणीचा वास वर्गात आला होता, आणि मी सडा-रांगोळीची आई लिहीत होते. आमच्या घरी रोज सडा-रांगोळी व्हायची नाही. आईला त्याला वेळच नसायचा. दहाच्या आत शाळेत पोचायचं, त्याआधी घरचं सगळं आटपायचं. रात्री गोष्टी सांगायला ती जागी नसायची.

हे मला तेव्हा खोटं वाटलं नाही, हे मुद्दाम सांगते. निबंध असाच असतो असं मी धरून चालले होते. निबंधातली आई वेगळी, घरातली आई वेगळी. निबंधातली नदी बोलते, निबंधातलं फाटकं पुस्तक मनोगत सांगतं, तशीच निबंधातली आई रांगोळी काढते. दहावीलाही हेच केलं. मराठीच्या ऐंशी गुणांच्या पेपरात निबंधाला आठ गुण. त्या आठ गुणांसाठी चार आत्मकथनं, तीन वैचारिक आणि तीन प्रसंग मी पाठ करून गेले होते, आणि त्यातला एक प्रसंग किरकोळ फेरफार करून बसवला. मराठीत नव्वद टक्क्यांच्या वर गुण पडले. माझं मराठी चांगलं आहे अशी घरादाराची आणि माझीही खात्री पटली.

कॉलेजात पहिल्या सत्रात आमच्या मराठीच्या बाईंनी सांगितलं, आपल्या ओळखीचं एक माणूस काम करताना दिसेल असं एक पान लिहून आणा. मी आई घेतली. सातवीतला निबंध कॉलेजच्या मानाने जरा वाढवला. सडा-रांगोळी राहिली, त्यात 'संस्कारांची शिदोरी' आली, 'कष्टाची पणती' आली. चार दिवसांनी वही परत आली. लाल शाईही नव्हती आणि 'छान'ही नव्हतं. समासात पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहिलं होतं : 'ही आई मला पुष्कळ वह्यांत भेटते. तुझी आई दुपारी बारा वाजता काय करते?'

मी तो प्रश्न वाचला आणि वही मिटली. दोन दिवस उघडली नाही. राग आला होता. नव्वदच्या वर गुण मिळवणाऱ्या मुलीला असं कुणी विचारलं नव्हतं. पण रागाखाली दुसरंच काहीतरी होतं, आणि ते काय आहे हे मला आतून ठाऊक होतं. त्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं म्हणजे आई खिचडी शिजवते हे लिहावं लागणार होतं. कॉलेजात माझ्या एकाही मैत्रिणीला मी ते सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्यांदा लिहिलं तेव्हा ते लिहिलं, पण विशेषणांच्या पांघरुणाखाली. माझी आई शाळेतल्या लेकरांची अन्नपूर्णा आहे. ती कष्टाळू, प्रेमळ, निःस्वार्थी, सोशिक माऊली आहे. बाईंनी या वेळी काही विचारलं नाही. फक्त विशेषणांभोवती पेन्सिलीने गोल केले. मोजले तर अकरा निघाले. खाली एवढंच लिहिलं होतं, 'हे गोल काढून टाकून वाच, काय उरतं ते बघ.' मी वाचलं. उरत होतं ते एक वाक्य : माझी आई शाळेत खिचडी शिजवते. त्यापुढे माझ्याजवळ लिहायला काही नव्हतं. जिच्या हातचं इतकी वर्षं खाल्लं ती दिवसभर नेमकं काय करते, हे मला माहीत नव्हतं.

मग एका शनिवारी मी गावी गेले. आमच्याकडे शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून सकाळच्या पहिल्या एसटीने. आईबरोबर किचन शेडमध्ये तांदळाच्या पोत्यावर बसून राहिले. आई म्हणाली, "आगं, खिचडीत काय लिव्हायचं असतंय?" मी म्हटलं, तू तुझं काम कर, मी नुसती बघते.

वर्गावर्गांतून त्या दिवसाची हजेरी आली. पहिली ते पाचवीची ८६ मुलं, सहावी ते आठवीची ४१. लहान मुलाला १०० ग्रॅम तांदूळ आणि मोठ्याला १५० ग्रॅम, असं सरकारचं माप आहे. आईने कागद घेतला नाही, पेन घेतलं नाही. पोत्याची शिवण उसवता उसवता म्हणाली, "पावणेपंधरा." मी मोबाईलवर गुणाकार केला. आठ किलो सहाशे आणि सहा किलो दीडशे, बेरीज चौदा किलो साडेसातशे. पावणेपंधरा. आई पाचवीपर्यंत शिकलेली आहे. हा हिशेब ती रोज करते, आणि रोज आकडे वेगळे असतात.

मग आई आणि तिच्या जोडीच्या मावशी तांदूळ निवडायला बसल्या. पावणेपंधरा किलो तांदूळ दोघींनी कसा निवडला ते मी पाहिलं. परात मांडीवर तिरकी धरायची, तांदळाचा पातळ थर अंगठ्याने पुढे सारायचा, खडा दिसला की करंगळीच्या नखाने उडवायचा. डोळे तांदळावर आणि तोंडाने गप्पा चालू. खडे एका वाटीत साठवतात. का, म्हणून विचारलं तर आई म्हणाली, फेकले तर कोंबड्या-चिमण्यांच्या पायाने पुन्हा आतच येतात. पातेलं चुलीवरून उतरवताना दोघी एकमेकींना "हां" एवढंच म्हणतात, आणि त्या एका "हां"वर दोघींची पाठ एकदम सरळ होते. आईच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचा जुना डाग आहे. तो मी जन्मापासून पाहत आले होते. तो पातेल्याच्या कडेचा आहे हे त्या शनिवारी कळलं. मुलांना वाढण्याआधी सर खिचडीची चव घेतात आणि चव नोंदवहीत सही करतात. त्याही आधी आई एक शीत बोटांत चिरडून बघते. त्याची कुठे नोंद नसते.

तिसरा खर्डा या सगळ्याचा झाला. तो लिहिताना मला पहिल्यांदा असं झालं की पान पुरेना. काय घालू याऐवजी काय काढू हा प्रश्न पडला. 'शिवण उसवणं' हे शब्द मला कुठल्याही पुस्तकाने दिलेले नव्हते, ते पोत्याने दिले. बाईंनी वाचून वही परत दिली आणि म्हणाल्या, "आता आई दिसते. तू कुठे आहेस? तू त्याच शाळेत होतीस ना?"

सर, बाई, याच प्रश्नापाशी मला तुम्हाला न्यायचं होतं.

मी त्याच शाळेत होते. मधल्या सुट्टीत ताटली घेऊन रांगेत उभी राहायचे. वाढायला आई असायची. सातवीत मी वर बघायचंच बंद केलं होतं. ताटली पुढे करायची, खाली बघायचं, पुढे सरकायचं. वर्गातली एक-दोन मुलं आईला 'खिचडीवाली' म्हणायची आणि मला ते लागायचं. पण आज मला जे जास्त लागतं ते वेगळंच आहे. आईने रांगेत मला कधी हाक मारली नाही. माझ्या पुढच्या मुलीला जेवढं वाढलं तेवढंच मला वाढायची, एक शीत जास्त नाही, आणि पुढच्या ताटलीकडे वळायची. माझी लाज तिला कळली होती. त्या लाजेला तिने जागा करून दिली होती.

हे मी चौथ्या खर्ड्यात लिहिलं. लिहायला तीन आठवडे लागले. आणि लिहिताना हेही कळलं की सातवीतला तो सडा-रांगोळीचा निबंध मी पाठ का केला होता. इतर मुलांनी गुणांसाठी केला असेल. मला त्या निबंधाआड लपता येत होतं. सगळ्यांची आई एकसारखी असली की माझी आई कोण हे कुणाला सांगावं लागत नव्हतं. तयार भाषेने मला आळशी केलं एवढीच माझी तक्रार असती तर हे पत्र लिहिलं नसतं. तिने मला माझ्या आईपासून लांब ठेवलं, कितीतरी वर्षं.

चौथा खर्डा मी आईला वाचून दाखवला. रात्री जेवणं झाल्यावर, ओट्यावर. ती हातावर हात ठेवून ऐकत होती. ताटलीचा भाग आला तेव्हा माझा आवाज बसला. ती काही बोलली नाही. शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "मटकीचं चुकलंय तुझं." मी लिहिलं होतं की सोमवारी सकाळी आई आधी मटकी भिजत घालते. "सकाळी भिजवलेली मटकी दुपारला शिजती का? आदल्या दिवशीच घालती मी." मी म्हटलं, आदल्या दिवशी रविवार असतो. ती म्हणाली, "मग? रविवारी संध्याकाळी जाऊन येती की शाळेत."

रविवारी संध्याकाळी आई डोक्यावरून पदर घेऊन बाहेर पडायची, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. मी समजत होते ती देवळात जाते.

पाचव्यांदा लिहिलं ते त्या मटकीसाठी. आणि त्या वेळी आणखी एक गोष्ट झाली, जी मराठीच्या शिक्षकांना आवडेल असं वाटतं. ऱ्हस्व-दीर्घाकडे माझं कायम दुर्लक्ष असायचं. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत एवढं ऐकून होते. पाचव्या खर्ड्याला ते मी स्वतः काढून वाचले, एकेक शब्द तपासला. आई जे बोलली ते तिच्या बोलीत तसंच ठेवलं, बाईंनीही त्याला हात लावू दिला नाही. पण माझी स्वतःची वाक्यं मला निर्दोष हवी होती. हे पान माझं होतं, आणि त्यात एक वेलांटी चुकली तरी आईच्या साडीवर डाग पडल्यासारखं वाटत होतं. शुद्धलेखनाचा तास किती वर्षं घेतला असता तरी हे वाटलं नसतं.

मी काही जगावेगळं सांगत नाही. १८५५ साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकाने एका विद्यार्थिनीचा निबंध छापला होता. मुक्ता साळवे, वय वर्षं चौदा, जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकणारी. तिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलं. आपल्या लोकांच्या बाळंतिणींच्या डोक्यावर छप्परसुद्धा नसतं हे लिहिलं. तिच्यापुढे त्या विषयाचा कुठलाही नमुना निबंध नव्हता. जे आसपास घडत होतं आणि जे सांगायची कुणाची छाती नव्हती ते तिने सांगितलं, आणि तेवढी मोकळीक तिला तिच्या शिक्षकांनी दिली असणार. मराठीत विद्यार्थ्यांच्या निबंधाची परंपरा अशीही आहे. तिथून आपण 'मी नदी बोलते आहे'पर्यंत कसे आलो, याचा विचार मला छळतो. लक्ष्मीबाई टिळक लग्न होऊन आल्यावर अक्षरं शिकल्या आणि त्यांनी 'स्मृतिचित्रे' लिहिली. शाळेने दिलेली तयार वाक्यं त्यांच्याजवळ नव्हती, घरात बोलतात ती भाषा होती.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. एकेका वर्गात साठ मुलं. त्यावर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, आकारिक-संकलित मूल्यमापनाच्या नोंदी. माझ्या आईच्या तांदळाचा हिशेबसुद्धा एका सरांनाच रोज भरावा लागतो. साठ वह्या पाच-पाच वेळा कोण तपासणार? मी पाच वेळा म्हणत नाही. माझ्या बाईंचा वर्ग लहान होता, त्यांना जमलं.

माझं मागणं एवढंच आहे : वर्षातून एक निबंध, फक्त एक, दोनदा लिहून घ्या. पहिल्या वेळी गुण देऊ नका, चुका काढू नका. समासात एक प्रश्न लिहा. रोज दहा वह्या घेतल्या तर सहा दिवसांत वर्ग होतो. प्रश्न साधा असू दे. हे तू कुठे पाहिलंस? त्या वेळी कोण बोललं? बारा वाजता काय होतं? वह्या परत द्या आणि पंधरा दिवसांनी तेच पान पुन्हा मागा. शुद्धलेखन दुसऱ्या पानावर तपासा, तोवर मुलाला त्या पानाची काळजी वाटायला लागलेली असेल. आणि दोन्ही पानं एकत्र टाचून मुलाकडेच राहू द्या. आपण किती पुढे आलो हे आपल्याला दुसऱ्याच्या सांगण्यावरून कळत नाही. पहिलं पान आणि दुसरं पान शेजारी ठेवलं की कळतं. माझी पाचही पानं माझ्याजवळ आहेत.

आता तर गाईडही विकत आणावं लागत नाही. मोबाईलला विषय सांगितला की निबंध तयार होऊन येतो, सडा-रांगोळीसकट. माझा धाकटा भाऊ तसंच करतो. त्याला मी रागावत नाही, कारण मी वेगळं काय केलं होतं? पण त्याच्या निबंधाच्या समासात कुणी विचारलं, 'तुझी आई रविवारी संध्याकाळी कुठे जाते?', तर मोबाईल त्याला उत्तर देऊ शकणार नाही. त्याला आईला विचारावं लागेल.

आणखी एक. जमलं तर मुलांबरोबर तुम्हीही लिहा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' स्वतःच्या हाताने लिहून काढत. मुलांनी लिहावं असं वाटणारा शिक्षक आधी स्वतः लिहीत होता. माझ्या बाईंनी त्या सत्रात आमच्याबरोबर एक पान लिहिलं होतं, त्यांच्या वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर. त्यांनी त्यांचा पहिला खर्डाही वाचून दाखवला, खाडाखोडीसह. बाईंचंही पहिल्यांदा जमत नाही हे पाहिल्यावर वर्गातल्या कितीजणांची भीती गेली ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या कॉलेजात कार्यक्रम झाला, तुमच्याकडेही झाला असेल. त्या कार्यक्रमात मी माझं पाचवं पान सभागृहात वाचलं. आईला खिचडी शिजवण्याचं काम आहे हे तेव्हा सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी वर्गातली एक मुलगी माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "माझे वडील बँडमध्ये वाजवतात. मी कुणाला सांगितलेलं नाही." तिला मी एक कोरा कागद दिला. तिचा तिसरा खर्डा चालू आहे.

तुमच्या वर्गातही अशी मुलं आहेत. आत्ता, या सत्रात, तिसऱ्या-चौथ्या बाकावर, पाठ केलेल्या आईच्या आड बसलेली. त्यांची वही या आठवड्यात तुमच्याकडे येईल. तिच्यावर 'छान' लिहिण्याआधी एक प्रश्न लिहा, आणि ती वही त्यांना परत द्या.

आपली,
एक विद्यार्थिनी
बी.ए. तृतीय वर्ष, मराठी